मोठी खोली कोणाची?

आज दुपारी ठाण्यातल्या कासारवडवलीच्या आमच्या नव्या घराचा आराखडा इंटिरिअर डिझायनरने पाठवला आणि तो पाहिल्यापासून माझे डोके ठिकाणावर नाही. बाल्कनी दिवाणखान्यात सामावून घेतलेली, टीव्हीमागे संगमरवराचा आभास देणारी भिंत, घरभर फॉल्स सीलिंग, दाराशी बूट काढायला गादीचे बाकडे. आणि ७४ वर्षांच्या माझ्या सासूबाईंना सर्वांत लहान खोली, भिंतीला टेकवलेला दिवाण, न्हाणीघर पॅसेजच्या पलीकडे. विचारले तेव्हा उत्तर मिळाले की मास्टर बेडरूम नवरा-बायकोचीच असते. असते म्हणजे काय? हे कोणी ठरवले?

ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेले माणूस पाहिले आहे, त्यांना पुढचे समजावून सांगावे लागणार नाही. नौपाड्यातल्या माझ्या माहेरी बाबांना अर्धांगवायू झाला, तेव्हा न्हाणीघराचे दार जेमतेम दोन फुटांचे होते आणि व्हीलचेअर त्याहून रुंद. ती दाराशी अडायची आणि तिथून पुढे मी आणि दादा बाबांना उचलून नेत असू. शेवटी दार काढून पडदा लावला. सदरा चढवल्याशिवाय जिन्यापर्यंतही न जाणारा तो माणूस, आम्ही आत नेताना मान भिंतीकडे वळवून घेत असे.

तरी ती विटांची भिंत होती. फोडायची म्हटली असती तर फोडता आली असती. आमच्या नव्या टॉवरमधल्या भिंती मिवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या सलग काँक्रीटच्या आहेत. त्या इमारतीचा भार पेलतात, त्यामुळे पुढे कधी दार रुंद करू म्हणायची सोयच नाही. सार्वजनिक इमारतींत व्हीलचेअरसाठी दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर ठेवायला सांगतात, आमची न्हाणीघराची दारे अडीच फुटांची, आणि त्यातून चौकट नि उघडलेली फळी वजा करा. अशा घरात कोणती खोली कोणाला द्यायची, एवढेच आपल्या हाती उरते. मोठ्या खोलीतून न्हाणीघरात सरळ शिरता येते. लहान खोलीतून निघाल्यावर मात्र तीन फुटी पॅसेजमध्ये काटकोनात वळावे लागते. खुर्ची तिथे वळणार नाही, हे सांगायला मला डिझायनर लागत नाही. त्यात दार आत उघडणारे. आत कोणी घसरून पडले तर त्याचेच अंग दाराला आडवे येते आणि बाहेरच्यांना आत जाता येत नाही. ते बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे, ही काही चैन नव्हे.

बाल्कनीचे तेच. रेरा या घरबांधणीच्या कायद्यातल्या कार्पेट क्षेत्रात, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या जागेत, आतल्या भिंतींची जाडी मोजतात, बाल्कनी मोजत नाहीत, म्हणून बहुधा ती सर्वांना फुकटात मिळालेली जागा वाटते. मला तिथे दोऱ्या दिसतात. बाबांच्या चादरी दिवसातून दोनदा बदलाव्या लागत आणि ठाण्याच्या पावसात आई त्या स्वयंपाकघरात, खुर्च्यांच्या पाठींवर, दाराच्या फळ्यांवर वाळत घालायची; सगळ्या घराला ओला वास यायचा. अख्ख्या आराखड्यात कपडे वाळत घालायला जागा नाही. ड्राय बाल्कनीत, म्हणजे स्वयंपाकघरालगतच्या चिंचोळ्या जागेत, वॉशिंग मशीन ठेवल्यावर उभे राहायलाही जागा उरत नाही, आणि ज्यांनी हे चित्र काढले त्यांनी आयुष्यात एक टॉवेल वाळत घातला असेल असे वाटत नाही.

गणपतीत तीस माणसे आली की मोठा दिवाणखाना लागतो, हे खरे आहे. घोडबंदर रस्त्याची धूळ उघड्या बाल्कनीत येते, हेही खरे. पण गणपती आमच्याकडे दीड दिवसाचा असतो.

सगळ्यात जास्त राग मला सासूबाईंच्याच बोलण्याचा आला. आराखडा पाहून त्या म्हणाल्या, "मला मेलीला काय करायचीय खोली, एक कोपरा पुरे." अगदी हेच बाबा म्हणत. आपल्याकडची म्हातारी माणसे असे बोलतात आणि घरचे लोक ते किती सोयीस्करपणे खरे मानतात! रागाच्या भरात मी त्यांनाही दोन शब्द बोलले. मग त्या हळूच म्हणाल्या, की रात्री दोनदा उठावे लागते आणि अंधारात बटण सापडत नाही. इतकी वर्षे एका घरात राहून हे त्यांनी मला आज सांगितले. त्यांच्या उशाशी हाताला येईल असे बटण हवे, आणि काँक्रीटच्या भिंतीत विजेच्या तारांच्या नळ्या आधीच पुरलेल्या असल्यामुळे ते फर्निचर बसण्यापूर्वीच ठरवावे लागेल.

ह्यांच्याशी बोलणे झाले आहे. मोठी खोली सासूबाईंची, न्हाणीघराला सरकते दार, आत भिंतीला दोन भक्कम दांड्या, बाल्कनी आहे तशीच आणि तिच्या छताला कपड्यांसाठी वरखाली होणाऱ्या दोऱ्या, असे डिझायनरला संध्याकाळी कळवले. एवढे करून पैसे उरलेच, तर फॉल्स सीलिंगचे पुढच्या दिवाळीला पाहू, हेही लिहिले आहे.