वारा पडला की कळवा

आमच्या परसात पवनचक्की आहे, मी स्वतः बनवलेली. हे वाक्य सुरुवातीला मी ज्या आवाजात म्हणायचो त्या आवाजात आता निघत नाही, जरा हळूच म्हणतो, कारण घरातलं कोणी ऐकलं की लगेच विचारतं, "परत आडवी करायची नाहीये ना?"

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. १२ मीटरचा लोखंडी पाइप, बुडाशी बिजागरी, चार बाजूंनी तारेचे तणावे आणि टोकाला साधारण ४० किलोचं डोकं. डोकं म्हणजे लाकडाची तीन पाती, चुंबकं चिकटवलेल्या लोखंडाच्या दोन तबकड्या, त्यांच्या मधे रेझिनमधे ओतलेल्या तांब्याच्या कॉइल आणि मागे शेपूट. बिजागरी एवढ्यासाठी की दुरुस्तीला कोणी वर चढायला नको, अख्खा खांबच जमिनीवर निजवायचा. कागदावर ही कल्पना इतकी सोपी दिसते की मी डिझाइन काढताना खांबाशेजारी कमरेवर हात ठेवून हसणारा एक माणूसपण काढला होता. तो माणूस कोण होता मला माहीत नाही, प्रत्यक्ष कामाच्या दिवशी तो आला नाही.

तर झालं असं की एका रात्री आवाज आला. खर्रर्र... खर्रर्र... मग बंद, मग परत खर्रर्र. ज्याच्याकडे घरची पवनचक्की असते ना, त्याची झोप लहान बाळाच्या आईसारखी होते, बाकी कशानं जाग येत नाही पण हिनं सूर बदलला की माणूस ताडकन उठून बसतो. बायकोला उठवलं. ती म्हणाली घोरण्याचा आवाज आहे. म्हटलं मी तर जागा आहे! ती म्हणाली, "मग तुझ्या पंख्याचा असेल," आणि कूस बदलली. पाच वर्षं झाली, अजून पंखाच म्हणते. पंखा वीज खातो, ही वीज देते, हे मी इतक्या वेळा समजावलंय, पण ती एकदम थंडपणे विचारते की मग किती देते, आणि इथं माझी गाडी अडते.

कारण वाऱ्याचा हिशोब फार निष्ठुर आहे. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते, आणि हे ऐकून लोक खूष होतात पण त्याचा अर्थ वेग निम्मा झाला की ताकद एक अष्टमांश होते असाही आहे. माझ्या चाकाचा व्यास २.४ मीटर. सेकंदाला १० मीटरचा वारा असेल तर ८०० वॅटच्या आसपास निघतात, छाती फुगते. तोच वारा ३ मीटरवर आला की २० वॅट, म्हणजे दोन एलईडी दिवे आणि थोडा अभिमान. बरं सगळा वारा पकडावा म्हटलं तर तेही जमत नाही, आल्बर्ट बेट्झ नावाच्या जर्मन माणसानं १९१९ च्या सुमारास गणितानंच दाखवून ठेवलंय की वाऱ्यातल्या ताकदीपैकी जास्तीत जास्त ५९.३ टक्केच काढून घेता येते, कारण पात्यांमधून गेलेल्या हवेला मागून निघायला वाट द्यावी लागते, सगळी अडवून ठेवली तर पुढची येणार कुठून. आमच्यासारख्या रंधा मारून पाती बनवणाऱ्यांच्या पदरात त्याच्याही निम्मं पडतं. हे मी बायकोला सांगत नाही.

मनाची समजूत घालायला एक गोष्ट मात्र ठेवलीये. वीज बनवणारी पहिली पवनचक्की म्हणून जिचं नाव घेतात ती पण घराच्या बागेतच होती. १८८७ साली स्कॉटलंडमधे मेरीकर्क गावात जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकांनी ती उभी केली, कापडाची शिडं लावलेली, आणि त्यावर घरात दिवे लावले. उरलेल्या विजेवर गावच्या रस्त्यावर दिवे लावून देतो म्हणाले तर लोकांनी नको म्हणून सांगितलं, ही सैतानाची करणी आहे म्हणे. आमच्या शेजारचे काका अजून तिथपर्यंत गेलेले नाहीत. ते फक्त विचारतात, "हे पडलं तर कुठल्या बाजूला पडेल रे?"

असो. खर्रर्र.

आता यातली गंमत बघा, आवाज येतो तो वारा असताना आणि खांब उतरवायचा तो वारा नसताना. त्यामुळे वारा होता तेव्हा खाली उभा राहून कान देऊन ऐकत बसलो आणि निदान करून टाकलं की बेअरिंग गेलं, मग वारा पडायची वाट बघायला लागलो. ज्या माणसानं वारा यावा म्हणून एवढा खटाटोप केला तोच रोज सकाळी मोबाइलवर हवामान बघून म्हणतोय, छे, आज पण वारा आहे! दहा दिवस असे गेले. बॅटऱ्या फुल, घरात उजेडच उजेड, आणि मी सुतक लागल्यासारखा फिरतोय. शेवटी एका रविवारी पहाटे बघितलं तर झाडाचं पान हलत नव्हतं, काकांना मेसेज टाकला, भाच्याला उठवलं, एका मित्राला दोन दिवस आधीच 'वारा पडला की कळवतो' सांगून ठेवलेलं, तो आला. बायको म्हणाली मी फक्त बघायला उभी राहीन. म्हणजे खरी जबाबदारी तिनं घेतली.

पहिलं काम ब्रेक. याला ब्रेकचा दांडा वगैरे काही नसतो, वरून येणाऱ्या तीन वायरी एका स्विचनं एकमेकींना जोडून टाकायच्या, म्हणजे शॉर्ट करायच्या, की कॉइलमधे फिरणारा करंटच चाकाला मागे ओढतो आणि पाती पेंगल्यासारखी अगदी सावकाश फिरतात. वादळात या ब्रेकवर विसंबू नये, चाक जुमानत नाही आणि कॉइल जळू शकते, पण पडत्या वाऱ्यात छान चालतो. स्विचवर मी मोठ्या अक्षरात 'झोप' आणि 'काम' लिहिलंय. 'झोप'वर टाकला.

मग जीन. खांबाच्या बुडाशी काटकोनात ४ मीटरचा एक दांडा असतो, जिन पोल म्हणतात त्याला, खांब उभा असताना हा आडवा आणि खांब आडवा झाला की हा उभा. काका त्याला जीन म्हणतात, दिव्यातला. याच्या टोकाला विंचची, म्हणजे हँडल फिरवून तार गुंडाळायच्या-सोडायच्या चक्राची, तार लावायची, मागचे तणावे याच टोकाला, आणि हळूहळू तार सोडत खांब समोरच्या बाजूला निजवायचा. विंचवर मित्र, दोन बाजूच्या तणाव्यांवर काका आणि भाचा लक्ष ठेवून, समोरून दोर ओढायला मी. खांबाच्या खाली आणि तारांच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही हा एकच नियम, तो मी चार वेळा सांगितला, त्यातल्या तिसऱ्या वेळी मीच खांबाच्या खाली उभा होतो असं बायकोनं लक्षात आणून दिलं.

सुरुवातीला खांब येतच नाही. सरळ उभा आहे, चारी बाजूंनी तोललेला, त्याला काय पडलीये. समोरून दोर ओढा, अजून ओढा, दोघांनी ओढा, ढिम्म. आणि मग एका क्षणी तो झुकतो, आणि त्या क्षणापासून तुम्ही कितीही विनवलंत तरी त्याला यायचंच असतं. सगळं वजन विंचवर. खांब जमिनीजवळ आला की त्या तारेवर अडीचशे किलोच्या वर ताण येतो, हे मी वहीत काढलं होतं, पण वहीतले अडीचशे किलो कुरकुरत नाहीत.

त्यात आपली भाषा. मी ओरडलो "सोड!", मित्रानं तार सोडली. तेवढ्यात भाचा किंचाळला की मामा, इकडची तार ताणली जातेय! मी ओरडलो "सोडू नको!" आता २० फुटांवरून माणसाला ऐकू जातं ते पहिलं अक्षर, उरलेलं तो मनानं भरतो. त्यानं अजून सोडली. खांब एकदम हातभर खाली आला, काका तणावा धरून 'अरे अरे अरे' म्हणत दोन पावलं पुढे गेले, म्हणजे तणावाच त्यांना घेऊन गेला. सगळं थांबवलं. श्वास घेतले. काकांनी ठराव मांडला की यापुढे फक्त 'ढील' आणि 'बस'. इतका साधा शहाणपणा मला सहा महिने डिझाइन करताना सुचला नव्हता.

तार ताणली गेली त्याचं कारण मात्र माझंच. बाजूच्या तणाव्यांच्या दोन खुंट्या बरोब्बर बिजागरीच्या रेषेत आणि त्याच उंचीवर लागतात, तरच खांब निजताना ते तणावे सारखे राहतात. मी त्या पावलांनी मोजून ठोकल्या होत्या. एका पायात चप्पल होती बहुतेक. एक खुंटी वीतभर मागे, म्हणून खांब जसा खाली येतो तसा तो तणावा आवळत जातो, आणि दर थोड्या वेळानं 'बस' म्हणून टर्नबकल, म्हणजे तणावा आवळायचा-सैल करायचा आट्यांचा जोड, दोन आटे सैल करायचा, मग परत 'ढील'. पाऊण तासानं डोकं लाकडी घोड्यावर, म्हणजे टेकूवर, विसावलं. बायको म्हणाली, "केवढा मोठा आहे हा पंखा!" खालून कळतच नाही ना.

वर असताना देखणी वाटणारी पाती जवळून बघवेनात. टोकाचा वेग चांगल्या वाऱ्यात ताशी १७० किलोमीटरच्या आसपास जातो, त्या वेगाला पावसाचा थेंबसुद्धा खड्यासारखा लागतो, त्यामुळे पुढच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झालेल्या. पाइपमधून खाली येणारी केबल, जी डोकं वाऱ्याबरोबर वळेल तशी पिळली जाते, तिला अकरा पीळ. आणि बेअरिंग, ज्याच्यावर मी दहा दिवस आळ घेत होतो, ते ठणठणीत! ग्रीस जरा काळं पडलेलं, बाकी लोण्यासारखं फिरत होतं. खरा गुन्हेगार एक चुंबक. निओडिमियमची चुंबकं ताकदीला राक्षस पण गंजायला नाजूक, वरचा निकेलचा मुलामा कुठं उडाला की आतून गंजून फुगतात. आमचं एक असंच पोपडे धरून फुगलं होतं आणि दर फेरीला कॉइलच्या तबकडीला घासत होतं. खर्रर्र.

आता चुंबकांची ही चकती काढायची तर हातानं ओढून निघत नाही, तीन लांब बोल्ट लावून एकेक फेरा समान देत वर उचलावी लागते, नाहीतर सटकून परत बसते आणि मधे बोट असेल तर बोटाचं काही खरं नाही. शिवाय हिच्या आसपास लोखंडाचं काहीही ठेवायची सोय नाही. वॉशर उडून चिकटले. मित्राच्या खिशातली किल्ली खिशासकट तिकडे निघाली. १३ नंबरचा पाना तर मी हातात धरलेला असताना हिनं काढून घेतला, दोघांनी मिळून सोडवला. भाच्याला हे सगळ्यात आवडलं, तो मुद्दाम एकेक वस्तू जवळ नेऊन बघत होता, मी रागावलो, मग मीही एक नेऊन बघितली.

गंज खरवडला, चुंबक बदललं, वरून इपॉक्सीचा हात दिला, कडांना टेप, बेअरिंगला नवं ग्रीस, केबलचे पीळ काढले, पात्यांचा तोल वॉशर लावून परत जुळवला. तारेचं टोक दुमडून धरणारे यू आकाराचे क्लॅम्प आवळले, त्यातले दोन मी पहिल्या वेळी उलटे लावलेले सापडले, यू-चा वाकडा भाग तारेच्या मोकळ्या टोकावर यायला हवा, माझा ताणाच्या तारेला चावत होता. कोणाला दिसायच्या आत फिरवले. काकांना दिसले.

उभा करताना उलटं, सगळ्यात जड तो पहिलाच क्षण, अडीचशे किलो तिथंच असतात. मित्र विंच फिरवतोय, टक टक टक, डोकं घोड्यावरून बोटभर उचललं आणि सगळ्यांनी श्वास धरला, पण या वेळी 'ढील' आणि 'बस'ला एक शब्द वाढला होता, 'घे', आणि या तीन शब्दांवर संध्याकाळपर्यंत खांब उभा राहिला. मग तो सरळ आहे का यावर चार जणांची पाच मतं. लेव्हल लावली, टर्नबकल फिरवले, टर्नबकल आपोआप सुटू नयेत म्हणून त्यातून तार ओवून पीळ मारले. सगळे खूष. काकांनी पहिल्यांदा वर बघून 'छान दिसतंय' म्हटलं.

हत्यारं गोळा करताना भाचा म्हणाला, "मामा, तेरा नंबर कुठंय?"

पिशवीत नाही. गवतात नाही. घोड्याखाली नाही. मित्राच्या खिशात नाही, त्यानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले, जरा दुखावलाच. मग कोणीच काही बोललं नाही आणि सगळ्यांनी एकदमच वर बघितलं. काका घरात गेले, दुर्बीण घेऊन आले, बराच वेळ बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "आहे. मागच्या चकतीच्या कडेला. मस्त चिकटलाय. फिरतोय पण हळूहळू."

स्विच अर्थातच 'झोप'वरच आहे. पान्यासकट 'काम'वर टाकायची माझी हिंमत नाही, ताशी कितीनं सुटेल आणि कुणीकडे जाईल याचा हिशोब मी वहीत काढायला घेतला होता, बायकोनं वही काढून घेतली. आणि त्याच रात्री वारा सुटला. गेले नऊ दिवस इतका सुंदर, एकसारखा वारा वाहतोय की पाच वर्षांत असा बघितला नाही. मी रोज सकाळी हवामान बघतो. मंगळवारी पडेल असं दाखवतायत. काकांनी विचारलंय, चप्पल घालून यायचं की बूट.