पन्नाशीनंतर गिटार शिकू नये म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

‘पन्नाशीनंतर गिटार शिकताय? आधी हे वाचा!’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. वर लाल अक्षरं, पांढरा कोट घातलेल्या एका माणसाचा फोटो, नाव कुठेच नाही. खाली चार मुद्दे. एक, वयाच्या बाराव्या वर्षानंतर मेंदू नवीन वाद्य स्वीकारत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. दोन, तारा दाबून बोटांचा रक्तपुरवठा तुटतो, संधिवात होतो आणि मधुमेह असेल तर गँगरीन होऊन बोट कापावं लागतं. तीन, वाद्य यायला १०,००० तास लागतात, म्हणजे रोज अर्धा तास धरला तर ५५ वर्षं. चार, गिटार परदेशी वाद्य आहे, या वयात आपलं संगीत ऐकावं आणि स्वस्थ बसावं.

मी ठाण्यात गिटार शिकवतो. असले मेसेज मी एरवी न वाचताच पुसून टाकतो. हा मात्र आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि त्याच रात्री मावशीने कळवलं, ‘उद्यापासून येत नाही रे, उगाच हाताला काही झालं तर तुझ्या काकांना कोण बघणार?’ मावशी ५८ वर्षांची आहे, तिला शुगर आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर माळ्यावरची मुलाची गिटार खाली काढून ती माझ्याकडे यायला लागली. सी, जी, ए मायनर या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर, नीट वाजतात, डी बदलताना अजून अडखळते. तिच्या मनात भीती घालणाऱ्याला उत्तर द्यायलाच हवं.

गँगरीनचा मुद्दा आधी घेतो, कारण मावशी थांबली ती त्यामुळे, आणि चारांत सर्वांत घातक तोच आहे.

मधुमेहात गँगरीन होतं हे खरं आहे. पण ते बहुतेक वेळा पायाला होतं. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, नसांची संवेदना कमी होते. चप्पल चावली तरी कळत नाही, जखम चिघळते, जंतुसंसर्ग होतो आणि तिथून प्रकरण हाताबाहेर जातं. यात गिटारच्या तारेचा संबंध येतोच कुठे? तार दाबल्यावर बोटाच्या टोकावर रेघ उमटते आणि थोड्या वेळात निघून जाते. रक्तपुरवठा तुटत नाही. पहिले काही आठवडे टोकं दुखतात, मग कातडी जाड होते, घट्टे पडतात आणि दुखणं थांबतं. विशीतल्या मुलालाही हेच होतं, साठीच्या माणसालाही हेच होतं.

आणि मावशी रोज सकाळी काय करते? ग्लुकोमीटरसाठी बोटाच्या टोकाला सुई टोचून रक्ताचा थेंब काढते. तिच्या डॉक्टरांनीच सांगितलंय. सुईने कातडी भेदली जाते, तारेने तेवढंही होत नाही. रोज सुई टोचून घेणाऱ्या बाईला ‘तार दाबलीस तर बोट कापावं लागेल’ असं सांगणं म्हणजे निव्वळ घाबरवणं आहे. मी तिला एवढंच सांगितलं की सुई उजव्या हाताच्या बोटांना टोच, डाव्या हाताने कॉर्ड धरायच्या असतात.

यात सांगण्यासारखी खरी काळजी आहे, ती मात्र मेसेजमध्ये कुठेच नाही. मधुमेह असणाऱ्यांत ट्रिगर फिंगर, म्हणजे बोट वाकवल्यावर अडकणं आणि झटक्याने सुटणं, आणि खांदा आखडणं जास्त दिसतं. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, सकाळी बोट अडकत असेल, तर वाद्य बाजूला ठेवून डॉक्टरांना हात दाखवावा. बोटांची संवेदनाच कमी झाली असेल तर शिकायला सुरुवात करण्याआधी दाखवावा. फोड आला तर तो बरा होईपर्यंत वाजवू नये. पांढऱ्या कोटातल्या त्या माणसाला खरंच कुणाची काळजी असती तर त्याने हे लिहिलं असतं.

संधिवाताचंही तसंच. वयानुसार होणाऱ्या सांध्यांच्या झिजेचा त्रास हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी अनेकांना होतो, पाळी गेल्यानंतर बायकांना जास्त होतो. अशा हातांसाठी युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, युलारने, २०१८ साली मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत हाताचे व्यायाम प्रत्येक रुग्णासाठी विचारात घ्यावेत असं म्हटलंय. हात बांधून बसा असं त्यांत कुठे म्हटलेलं नाही. व्यायाम म्हणजे गिटार नव्हे, हे मीही मानतो. अंगठा गिटारच्या मानेवर करकचून आवळून तासभर वाजवलं तर दुखणारा अंगठा आणखी दुखेल. पण तो वाजवण्याच्या पद्धतीतला दोष झाला आणि तो सुधारता येतो. अंगठा मानेच्या मागे नुसता टेकवायचा. बोट फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या, अगदी मागे ठेवायचं, दोन फ्रेटच्या मधोमध ठेवलं तर जास्त जोर लागतो. मनगट वाकत असेल तर गिटार डाव्या मांडीवर घेऊन पायाखाली छोटं स्टूल ठेवायचं, क्लासिकल वाजवणारे बसतात तसं.

मोठ्या वयात लोक गिटार सोडतात त्याला माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा वाद्यच कारणीभूत असतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मावशीची माळ्यावरची गिटार मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा तारा गंजलेल्या होत्या आणि बाराव्या फ्रेटवर जाड तार पट्टीपासून जवळजवळ पाच मिलिमीटर वर होती. ही उंची, जिला आम्ही अ‍ॅक्शन म्हणतो, अडीच मिलिमीटरच्या आसपास असली तर बोटांना सोसते. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं आणि अ‍ॅक्शन आणखी वर जाते. अशा वाद्यावर माझीही बोटं दुखतात. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० किलोंच्या घरात असतो, नायलॉनच्या तारांचा जवळपास निम्मा. म्हणून पन्नाशीपुढच्या माणसाने नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घ्यावी, किंवा स्टीलचीच हवी असेल तर पातळ तारा लावून सेटअप करून, म्हणजे तारांची उंची जुळवून घ्यावी. नायलॉनच्या गिटारची मान थोडी रुंद असते, हात लहान असेल तर आधी दुकानात धरून बघावी. स्टीलच्या गिटारवर मात्र नायलॉनच्या तारा चढवू नयेत, ते वाद्य तेवढ्या कमी ताणासाठी बनलेलं नसतं.

ब्लॅक सॅबॅथ या रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची गोष्ट मी विद्यार्थ्यांना याच कारणासाठी सांगतो. सतराव्या वर्षी कारखान्यात यंत्राखाली सापडून कॉर्ड धरणाऱ्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. त्याने प्लास्टिक वितळवून टोप्या बनवल्या, पातळ तारा शोधल्या, पुढे गिटार खालच्या स्वरात लावून ताण आणखी कमी केला. वाद्य हाताच्या मापाने बदलून घ्यायचं असतं आणि तसं करण्यात कमीपणा नाही.

आता ‘जर्मन शास्त्रज्ञ’. हा अभ्यास खरा आहे, म्हणूनच त्याची मोडतोड जास्त संताप आणते. कोन्स्टान्झ विद्यापीठाचे थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी तो १९९५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापला. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना स्पर्श केला की मेंदूचा किती भाग प्रतिसाद देतो, हे त्यांनी मोजलं. वादकांमध्ये तो भाग मोठा निघाला, लहानपणी सुरुवात केलेल्यांत आणखी मोठा. वादक किती होते? नऊ. सहा व्हायोलिनवाले, दोन चेलोवाले आणि गिटारवाला एक. पन्नाशीत शिकायला लागलेला त्यांत एकही नव्हता. वाजवणं कुणाला येतं आणि कुणाला येत नाही, हे तर मोजलंच नव्हतं. त्यावरून ‘बारानंतर मेंदू स्वीकारत नाही’ हे निघतं कसं?

मोठा मेंदू शिकतो का, या प्रश्नाला थेट भिडणारा एक प्रयोग आहे आणि तो घुबडांवरचा आहे. गव्हाणी घुबड अंधारात कानाने उंदराची जागा ओळखतं आणि ते ऐकणं डोळ्यांशी जुळवून घेतं. स्टॅनफर्डमध्ये एरिक नुडसेन यांनी घुबडांना प्रिझमचे चष्मे लावले, त्यामुळे समोरचं सगळं २३ अंश बाजूला सरकून दिसायचं. पिल्लांनी आपला कानांचा नकाशा त्याप्रमाणे बदलून घेतला. मोठ्या घुबडांना ते फारसं जमलं नाही. इथवर ऐकलं तर मेसेजवाला खूश होईल. पण ब्री लिंकेनहोकर आणि नुडसेन यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि २००२ साली ‘नेचर’मध्ये छापलं. मोठ्या घुबडांना त्यांनी एकदम २३ अंशांचा चष्मा दिला नाही. आधी सहा अंशांचा, मग अकरा, मग सतरा, मग तेवीस. तेव्हा त्याच वयाच्या घुबडांचा नकाशा कितीतरी जास्त बदलला. वय तेच, मेंदू तसाच, बदलला तो फक्त शिकवण्याचा क्रम.

घुबड म्हणजे माणूस नव्हे आणि कानांचा नकाशा म्हणजे कॉर्ड नव्हेत, हे मला समजतं. तरी मोठ्यांना शिकवताना मला रोज जे दिसतं त्याच्याशी हे इतकं जुळतं की मी शिकवण्याची पद्धतच त्यावर बेतली आहे. माणसांवरचा दाखला हवा असेल तर जेनिफर ब्यूगोस यांचा २००७ चा अभ्यास आहे. ६० ते ८५ वयाच्या मंडळींना सहा महिने पियानो शिकवला, ती शिकली आणि कार्यस्मृतीच्या, म्हणजे माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याच्या, काही चाचण्यांत त्यांचे गुण वाढले. अभ्यास लहान होता, वाद्यही गिटार नव्हतं. पण मेंदूचं दार बंद नव्हतं.

मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. कुठल्याही आधाराशिवाय, ऐकताक्षणी स्वराचं नाव सांगण्याची क्षमता ज्यांच्यात असते, त्यांनी जवळजवळ नेहमीच बालपणी संगीत सुरू केलेलं असतं. मोठ्या वयात ती येण्याची आशा धरू नये. साठीत सुरुवात करून मैफली गाजवणारा वेगवान वादक होण्याची शक्यताही फार थोडी. पण माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांपैकी कुणाला ते हवं असतं? त्यांना नातवाच्या वाढदिवसाला चार गाणी वाजवायची असतात, तरुणपणी राहून गेलेलं काही करायचं असतं. त्यासाठी स्वर ओळखणारा दैवी कान लागत नाही. सुराला लावलेली गिटार आणि मोबाइलवरचा ट्यूनर पुरतो.

१०,००० तासांचं थोडक्यात. तो आकडा अँडर्स एरिक्सन यांच्या १९९३ च्या बर्लिनमधल्या अभ्यासातून उचललाय. संगीत अकादमीतल्या सर्वोत्तम व्हायोलिनवादकांनी विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या एकट्याच्या सरावाची ती सरासरी होती. वाद्य ‘येण्यासाठी’ इतके तास लागतात असं एरिक्सन कधीच म्हणाले नाहीत, उलट आपल्या कामाचा असा नियम केल्याबद्दल त्यांनी जाहीर हरकत घेतली होती. चार कॉर्डवर गाण्याची साथ करायला काही महिन्यांचा रोजचा अर्धा तास पुरतो, हे कुठलाही गिटार शिकवणारा सांगेल.

परदेशी वाद्याच्या मुद्द्यावर फार वेळ घालवणार नाही. हार्मोनियम आणि व्हायोलिन युरोपातूनच आली आणि आज ती आपली आहेत. ब्रिजभूषण काबरांनी गिटारवर राग वाजवले, १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर ध्वनिमुद्रिका केली. विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं ते गिटारपासून घडवलेल्या मोहनवीणेवर. गोव्यात मांडो या गाण्यांना घुमट या तालवाद्याबरोबर गिटारची साथ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

राहिला प्रश्न उशिरा सुरुवात करणाऱ्याने शिकायचं कसं. घुबडांच्या चष्म्यासारखं, थोडं थोडं. बहुतेक क्लासमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एफची बार कॉर्ड समोर येते. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं, नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) अगदी शेजारी, म्हणजे तारा सर्वांत ताठ जाणवतात तिथे. इथे मोठी माणसं हरतात आणि दोष वयाला देतात. मी एफ आधी बारीक बाजूच्या चार तारांवर शिकवतो, पहिल्या बोटाने फक्त दोन बारीक तारा दाबायच्या. पुढे पूर्ण बार पाचव्या फ्रेटवर, तिथे जोर कमी लागतो. मग तोच आकार एकेक फ्रेट मागे आणत पहिल्या फ्रेटपर्यंत यायचं. मध्ये कुठे अंगठा दुखला तर एक फ्रेट पुढे जाऊन आठवडाभर तिथेच थांबायचं. सलग तासभर बसण्यापेक्षा दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं वाजवायचं. मावशीला मी कालच फोन करून हे सगळं सांगितलं. नायलॉनची एक गिटार तिच्याकडे ठेवायला देतोय, आणि शुक्रवारी शुगरच्या तपासणीला जाईल तेव्हा ती डॉक्टरांना बोटं दाखवून विचारणार आहे.