सामोआत मार्गारेट मीड खरंच फसल्या होत्या का?

मानववंशशास्त्राचा विषय निघाला की एक किस्सा हमखास सांगितला जातो. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड 1925 साली प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर गेल्या, त्यांना तिथली भाषा येत नव्हती, दोन मुलींनी ‘आम्ही रात्री मुलांबरोबर असतो’ अशी थाप मारली, मीडना ती खरी वाटली आणि तिथल्या मुली मोकळ्या लैंगिक वातावरणात, फारशा ताणाशिवाय वयात येतात असं सांगणारं ‘कमिंग ऑफ एज इन सामोआ’ हे 1928 सालचं पुस्तक त्याच थापेवर उभं राहिलं. ऑस्ट्रेलियात काम करणारे मानववंशशास्त्रज्ञ डेरेक फ्रीमन यांच्या लिखाणातून हा किस्सा पसरला. ऐकायला झकास आहे, पण तपासायला घेतला की एकेक टाका उसवतो.

‘दोन मुलींनी फसवलं.’ फाआपुआआ फाआमू आणि फोफोआ या दोघी शाळकरी पोरी नव्हत्या, साधारण मीडच्याच वयाच्या होत्या. फाआपुआआ ही फितिउता गावची ताउपोऊ होती. ताउपोऊ म्हणजे गावच्या मोठ्या सरदाराने मानाने नेमलेली कुमारिका. पाहुण्यांचं स्वागत, कावा हे पेय तयार करणं हे तिचं काम, आणि तिच्या कौमार्यावर सगळ्या गावाची नजर. मीडचा अभ्यास होता वयात येणाऱ्या मुलींचा. ही बाई त्या नमुन्यात बसतच नाही.

‘पुस्तक त्या थापेवर उभं आहे.’ दाव्याचा खरा भार इथे आहे, म्हणून इथे थांबायला हवं. मीडचं काम झालं ते अमेरिकी सामोआच्या मानुआ द्वीपसमूहातल्या ताऊ बेटावर. तिथल्या शेजारशेजारच्या तीन गावांत मिळून सुमारे 600 माणसं होती. मीडने घराघराची नोंद केली आणि 9 ते 20 वयाच्या 68 मुली अभ्यासाला घेतल्या. त्यांपैकी वयात आलेल्या 25 जणींचा वेगळा तक्ता पुस्तकाच्या परिशिष्टात आहे. पाळी सुरू झाली का, लैंगिक अनुभव आहे का, मुलगी पाद्र्याच्या घरी राहते का, असे त्यात रकाने आहेत. शिवाय रंगांची नावं सांगणं, आकडे लक्षात ठेवणं, विरुद्धार्थी शब्द देणं, चित्र पाहून वर्णन करणं अशा चाचण्याही घेतल्या. ज्या प्रसंगाला फ्रीमन ‘फसवणूक’ म्हणतात तो मार्च 1926 मधला, शेजारच्या ओफू बेटावरच्या फेरीतला. मार्टिन ओरान्स आणि पॉल शँकमन या मानववंशशास्त्रज्ञांनी मीडची टिपणं तपासली. त्यांत त्या थट्टेचा पुरावा म्हणून कुठेच वापर नाही, आणि लैंगिक वर्तनाची माहिती दुसऱ्याच लोकांकडून आलेली आहे. हे ओरान्स मीडचे भाट नव्हते. मीडचे निष्कर्ष इतके ढोबळ आहेत की ते तपासताच येत नाहीत, असं त्यांनीच लिहिलं आहे.

आता साक्षीचं बघा. फाआपुआआने कॅमेऱ्यासमोर ‘आम्ही खोटं बोललो’ असं सांगितलं ते 1987 मध्ये, म्हणजे 61 वर्षांनी. तोवर मीडना जाऊन 9 वर्षं झाली होती. साक्ष प्रामाणिक मानली तरी तिच्यातून फार तर इतकंच निघतं की दोघींनी मस्करी केली. मीडनी ती खरी मानली आणि पुस्तकात वापरली, हे सिद्ध करायला टिपणच लागेल.

‘भाषा येत नव्हती.’ पागो पागो या अमेरिकी सामोआतल्या बंदराच्या गावी मीडने सुमारे 6 आठवडे एका सामोअन परिचारिकेकडून रोज धडे घेतले. मग वाइतोगी गावात सरदाराच्या कुटुंबात 10 दिवस राहून अदबीची भाषा शिकून घेतली. ही अदब म्हणजे आपल्या ‘तू-तुम्ही-आपण’सारखी नुसती सर्वनामांपुरती नाही. शब्दच बदलतात. साधं घर ‘फाले’, अलिई म्हणजे सरदाराचं ‘माओता’, तुलाफाले म्हणजे वक्त्या-सरदाराचं ‘लाओआ’. चुकीच्या घराला चुकीचा शब्द लावला की मान दुखावतो. त्यात बोलीत ‘त’चा ‘क’ होतो आणि ‘न’चा ‘ङ’. त्यामुळे पुस्तकी उच्चार शिकून गेलेल्याला घरगुती गप्पा सुरुवातीला कळतच नाहीत. एवढ्या दिवसांत अस्खलित होणं अशक्य, आणि वर्षानुवर्षं सामोआत काढलेल्या फ्रीमन यांची सामोअन नक्कीच सरस होती. पण मानुआच्या समाजरचनेवर मीडचं जे पुस्तक 1930 मध्ये आलं, त्यात पदव्या आणि मानक्रमाचा जो तपशील आहे तो भाषा न कळता जमा होत नाही.

‘तिथे कौमार्याला किंमत नाही, असं मीडने लिहिलं.’ नाही लिहिलं. ताउपोऊच्या विवाहात होणारी कौमार्यपरीक्षा त्याच पुस्तकात आहे. तक्त्यातल्या 25 पैकी जवळपास निम्म्या मुलींना पुरुषाचा अनुभव नव्हता, हेही तिथेच छापलेलं आहे. पुस्तकाची गाजलेली प्रतिमा आणि पुस्तकातला तक्ता यांत अंतर आहे, आणि टीका करणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी तो तक्ता उघडून पाहिलेला दिसतो.

मीडवर टीका करायची तर जागा दुसऱ्या आहेत. त्या अमेरिकी नौदलाच्या दवाखान्यात, अमेरिकी कुटुंबाबरोबर राहिल्या. दवाखान्याच्या ओसरीवर सगळ्या घरांतल्या मुली मोकळेपणाने यायच्या हा फायदा, पण रात्री घराच्या आत काय चालतं ते प्रत्यक्ष दिसत नाही हा तोटा. 1 जानेवारी 1926 च्या वादळाने घरं पाडली, गावं बांधकामाला लागली आणि मुलाखतींचे आठवडे गेले. मे महिन्यात त्या सामोआ सोडून निघाल्याही. आणि सर्वांत मोठी चूक लिखाणातली. एका बेटावरच्या 25 मुलींवरून ‘सामोआ’ असं सरसकट विधान केलं, त्यात पश्चिम सामोआही आलं. फ्रीमन यांची बरीचशी माहिती मात्र पश्चिम सामोआतल्या उपोलू बेटावरची, 1940 च्या दशकातली आणि नंतरची आहे. बेट वेगळं, काळ वेगळा, राज्यकर्तेही वेगळे, कारण तिथे न्यूझीलंडचा अंमल होता.