बहिष्कार म्हणे!

सकाळी चहा घेताना सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा मेसेज वाचला आणि चहाची चवच गेली. कोपऱ्यावरच्या पार्लरवर बहिष्कार घाला, 'ते चिनी लोक आहेत', आपला पैसा तिकडे जातो. खाली अंगठ्यांची रांग.

अहो, त्या बाई कोलकात्यात जन्मल्या, लग्न करून मुंबईत आल्या, मतदानाला आपल्याच रांगेत उभ्या असतात. काकांच्या सुनेचा लग्नातला मेकअप त्यांनीच केला होता. पैसा जातो तो पोराच्या क्लासच्या फीत!

माझे आजोबा, आईचे वडील, माझगावला राहायचे, गोदीत नोकरी. तेव्हा मुंबईत चिनी दातांचे डॉक्टर होते. आजोबांनी त्यातल्या एकाकडे कवळीचं माप दिलं, निम्मे पैसेही दिले. तेवढ्यात ऑक्टोबर १९६२ उजाडला, चीनशी युद्ध पेटलं. आजीचं फर्मान निघालं, त्या चिन्याची पायरी चढायची नाही. झालं! आजोबा भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. डॉक्टर समोरून आला की हे पलीकडच्या फुटपाथवर.

आई हे सांगताना हसते. आम्हीही हसायचो. पण त्याच दिवसांत आसामातल्या माकूममध्ये, शिलाँगमध्ये, दार्जिलिंगमध्ये पोलीस घराघरांतून चिनी वंशाची माणसं उचलत होते. माकूमचे तर इंग्रजांनी चहाच्या मळ्यांसाठी आणलेल्यांचे नातू-पणतू, आसामी बोलणारे, कित्येकांच्या बायका तिथल्याच. सुमारे तीन हजार जणांना रेल्वेत कोंबून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. त्यात म्हातारे होते, शाळकरी पोरं होती. खटला नाही, काही नाही. कायदाच केला होता तसा: आई-बाप सोडा, आजी-आजोबांपैकी एक जण जरी शत्रुराष्ट्राचा नागरिक असला तरी तुम्हाला परकीयांचे नियम लागू. लढाई महिन्याभरात थांबली. छावणीतले शेवटचे लोक १९६७ मध्ये सुटले! परत येऊन बघतात तर माकूममधली घरं-दुकानं लिलावात गेलेली. पुष्कळांची बोटीने चीनला रवानगी झाली, त्यातल्या काहींनी तो देश कधी पाहिलाही नव्हता.

युद्धात सरकारला डोळे उघडे ठेवावे लागतात, मान्य. पण दुसरीतल्या पोरीवर कसली पाळत ठेवता?

आणि हे फक्त चिन्यांपुरतं नाही. २०२० मध्ये वांद्र्याच्या कराची स्वीट्समध्ये शिवसेनेचा एक नेता नाव बदला म्हणून सांगायला गेला, मालकाने पाटीवर कागद लावला. फाळणीत पाकिस्तानमुळे घरदार सोडून आलेल्या माणसांना आपण पाकिस्तानचा राग दाखवणार. शाब्बास.

आजोबा शेवटी संक्रांतीला त्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. तिळाची वडी चावेना म्हणून, आजीला न सांगता. डॉक्टरने ड्रॉवर उघडला, कवळी तयारच होती. महिने उलटले होते, त्याने एका शब्दाने विचारलं नाही. उरलेले पैसे घेतले, कवळी बसवली, दुखतंय का विचारलं. त्यालाही तेव्हा पोलिसांत हजेरी द्यावी लागायची, हे आजोबांना पुढे कळलं. त्यानंतर ते आजीसमोर उघड त्याच्याकडे जायचे.

काका तसे वाईट नाहीत. माझ्या बाबांना अर्ध्या रात्री दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. म्हणून ग्रुपवर भांडत नाही, इथे लिहितेय.

अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात आपल्या जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं होतं. १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. देवळीतली पोरं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, बरीच कॅनडात. त्यांना माफी हवी आहे. नेहरूंच्या सरकारने मागितली नाही, नंतरच्यांनी नाही, आताच्यांनीही नाही.