एकास सत्याऐंशी

गेल्या मंगळवारी जेवताना आमटीवर काहीतरी पांढरं तरंगताना दिसलं. मी खुशीत येऊन म्हणालो, "वा, आज ओलं खोबरं!" ही काही बोलली नाही. तिनं चमच्यानं तो पांढरा दाणा उचलला, माझ्या ताटात मिठाशेजारी वाढला आणि म्हणाली, "तुमचा डोंगर."

डोंगर म्हणजे आमच्या मधल्या खोलीतला बोरघाट. सहा बाय चारच्या प्लायवर, आधी थर्माकोलचा. त्या थर्माकोलचे दाणे उशीत आहेत, देव्हाऱ्यात आहेत, माझ्या पेन्शनच्या पासबुकात आहेत. आमटीतच काय ते राहिले होते.

हे सगळं सुरू झालं कोथरूडला. तिथं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, 1998 पासून. पुण्यातल्या बऱ्याच आजोबांप्रमाणे मीही नातवाला घेऊन तिथं गेलो. अर्ध्या तासात नातवाला भूक लागली आणि मला रोग. बँकेतून नुकताच निवृत्त झालो होतो, हातात चार पैसे होते आणि भरपूर वेळ होता. माणूस वाया जायला एवढं पुरतं. महिन्याभरात इंजिन, चार डबे आणि रूळ घरी आले. रूळ एका दुपारीत जोडले, गाडी पळाली, नातवानं टाळ्या पिटल्या. पण उघड्या प्लायवर गोल गोल फिरणाऱ्या गाडीकडे बघता बघता पंधराव्या फेरीला तेलाच्या घाण्याचा बैल डोळ्यांपुढे येतो. मी म्हटलं, आजूबाजूला जरा देखावा करू. डोंगर, बोगदा, एखादं स्टेशन. दोन रविवारांचं काम.

हे मी मागच्याच्या मागच्या गणपतीत म्हणालो होतो.

एवढा आत्मविश्वास कुठून आला म्हणाल, तर दिवाळीच्या किल्ल्यातून. लहानपणी वाड्यात चार किल्ले बांधलेला मराठी पुरुष मनातून स्वतःला इंजिनिअरच समजत असतो. विटा रचायच्या, वर गोणपाट टाकायचं, चिखलाचा काला ओतायचा, अळीव पेरायचे, झालं सह्याद्रीचं टोक तयार. पण किल्ल्याला एक मोठी सवलत असते, ती म्हणजे त्याला प्रमाण नसतं. मावळा तटबंदीपेक्षा उंच असतो, गुहेतल्या वाघाच्या जबड्यात अख्खी तोफ मावते आणि पायथ्याला प्लॅस्टिकची बदकं पोहत असतात. कुणी हरकत घेत नाही.

गाडीचं तसं नाही. ही गाडी एकास सत्याऐंशी प्रमाणाची. म्हणजे खऱ्या जगाला 87 नं भागायचं आणि उरेल ते प्लायवर बसवायचं. साडेपाच फुटी माणूस 19 मिलिमीटर. दहा मीटरचं आंब्याचं झाड साडेअकरा सेंटिमीटर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांचं व्याज काढल्यामुळे भागाकाराची मला सवय आहे, पण आता ती हाताबाहेर गेली. भाच्याच्या साखरपुड्यात मुलीकडच्यांनी विचारलं, "मुलगा कसा वाटतो?" मी म्हणालो, "वीस मिलिमीटर."

त्यात शेजारी सिग्नलवाले काका. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. नवीन मार्ग सुरू करण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्त तपासणी करतात, तशी काकांची रोज संध्याकाळी पाच वाजता तपासणी असते, चहासकट. पहिल्याच दिवशी ते खिशात व्हर्नियर कॅलिपर घेऊन आले, रुळांमधलं अंतर मोजलं आणि चेहरा पाडून म्हणाले, "साडेसोळा. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. भागा सत्याऐंशीनं. 19.3 यायला हवं. हे तुमचं 1435 चं गेज झालं. अहो, तुमची डेक्कन क्वीन युरोपात धावतेय." मी म्हटलं, रूळ बाजारात असेच मिळतात. "मिळोत," ते म्हणाले, "आणि डिस्टंट सिग्नल कुठाय?" स्टेशनाच्या तोंडाशी होम सिग्नल असतो, त्याची आगाऊ सूचना देणारा हा डिस्टंट. होमच्या एक किलोमीटर आधी तो हवा. एक किलोमीटर भागिले 87 म्हणजे साडेअकरा मीटर. आम्ही दोघांनी टेप लावली. डिस्टंट सिग्नल जिन्यात, दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या चपलांच्या स्टँडपाशी आला. तो अजून लावलेला नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढायचा आहे.

थर्माकोल मिळवणं हीच एक मोहीम होती. 2018 मध्ये राज्यात बंदी आल्यापासून मखराचं थर्माकोल गेलं. दुकानात मी हळूच विचारलं, तर दुकानदारानं मी गावठी दारू मागितल्यासारखं आधी माझ्याकडे, मग रस्त्याकडे पाहिलं. शेवटी सोसायटीत कुणाकडे नवीन फ्रिज येतोय यावर पाळत ठेवली. खोकं उघडायच्या आत मी दारात. "अभिनंदन! बाकी काही नको, तेवढं आतलं थर्माकोल..." लोक पेढा पुढे करायचे, मी खोक्यात बघायचो.

हॅक्सॉच्या पात्यानं ते कापलं. कापताना जो आवाज येतो त्यानं आमच्या मजल्यावरचं मांजर स्थलांतरित झालं. तीन दिवस खपून खंडाळ्याकडचा कडा उभा केला. खरंच बरा दिसत होता. फक्त पांढरा होता. मी स्प्रे पेंटचा डबा आणला, करड्या रंगाचा, आणि हात सैल सोडून फवारला. थर्माकोलला तसला रंग चालत नाही, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल विरघळवतं, हे मला नंतर कळलं. डोळ्यांदेखत कडा फसफसला, त्याला भोकं पडली आणि गरम खिचडीत तूप जिरावं तसा तो स्वतःच्याच पोटात बसला. दहा मिनिटांत खंडाळ्याचं पठार झालं. संध्याकाळी काकांनी शांतपणे पाहिलं आणि नोंदवहीत लिहिल्यासारखं म्हणाले, "दरड."

दुसरा डोंगर मी वर्तमानपत्राचे बोळे आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा केला. तो टिकला. प्लास्टर ज्या भांड्यात कालवलं ते इडलीचं पीठ भिजवायचं भांडं होतं. तेही टिकलं, पण आता ते भरीव आहे.

मग हिरवळ. घाट म्हटला की पावसाळ्यातलाच हवा, उन्हाळ्यातला घाट बघायला कोण जातं? इथं किल्ल्याचा अनुभव उपसला. डोंगरावर ओला स्पंज पसरून अळीव पेरले. तिसऱ्या दिवशी असा काही कोवळा रंग चढला की मी हिला हाताला धरून दाखवायला आणलं. ती म्हणाली, "छान आहे, पण हे वाढणार." वाढले. आठवड्यात सहा सेंटिमीटर. सहा गुणिले 87 म्हणजे सव्वापाच मीटर. स्टेशनावर सतरा फुटी गवत आणि त्यातून जेमतेम दिसणारं इंजिनाचं टप. "गँगमन कुठायत?" काकांनी विचारलं. "गवतात." पाणी झिरपून रुळांच्या जोडांवर गंज चढला, प्लायला बुरशी आली. पीक काढून आम्ही त्याची खीर केली. या घाटातून आजवर मिळालेलं एवढंच उत्पन्न.

खडीचा तर मी धसकाच घेतलाय. खऱ्या रुळांतली खडी साधारण 50 मिलिमीटरची, म्हणजे माझी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित मोठी. खाली बांधकामावरची रेती आणली, धुतली, वाळवली आणि चहाच्या गाळणीनं चाळली. (गाळणीबद्दल घरात जे बोलणं झालं ते इथं देत नाही.) ती चाळलेली रेती दोन रुळांच्या मध्ये कागदाच्या पन्हाळीतून सोडायची, जुन्या टूथब्रशनं स्लीपरवरची बाजूला करायची, एकेक कण बोटानं दाबायचा. मग फेविकॉल आणि पाणी निम्मं निम्मं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. तो थेंब नसला की फेविकॉल रेतीत मुरत नाही, वर मोत्यासारखा बसतो आणि खडीच्या गोळ्या वळतो. ड्रॉपरनं थेंब, थेंब, थेंब. एका फुटाला एक तास. कंबर एका कोनात धरून मी नऊ रात्री हे केलं. नवरात्रच होतं, त्यामुळे नऊ दिवस उभ्यानं व्रत केल्याचं पुण्य लागलं असेल. दहाव्या दिवशी सकाळी गाडी सोडली. ती रूळ बदलायच्या सांध्यापाशी आली आणि भलत्याच रुळावर गेली, कारण सांध्याचं पातं फेविकॉलनं चिकटून दगड झालं होतं. काका वाकून म्हणाले, "सांधेवाला ड्यूटीवर झोपलाय."

माणसं मात्र परदेशी आणावी लागली. तयार रंगवलेली, 19 मिलिमीटरची, किंमत डोंगराएवढी. पाकीट उघडलं तर सगळे गुडघ्यापर्यंत ओव्हरकोट घालून. हिनं चष्मा लावून पाहिलं. "हे कर्जतला मे महिन्यात उभे राहणार?" मग मी डबल झिरोचा ब्रश घेऊन एका जर्मन बाईला हिरवं नऊवारी नेसवलं. तिच्या हातातली पर्स काही निघेना, तिची वडापावची पिशवी केली. स्टेशन जुन्या लग्नपत्रिकांचं बांधलं. पुठ्ठा उत्तम असतो आणि घरात दोनशे पडलेल्या. फलाटावरून सगळं झकास दिसतं, पण तिकीटखिडकीतून डोळा बारीक करून आत पाहिलं तर छतावर सोनेरी अक्षरांत 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' असं वाचता येतं.

आणि एवढं सगळं झाल्यावर डेक्कन क्वीन बोगद्यात गेली आणि बाहेर आली नाही.

वळणावर डबा बाहेरच्या बाजूला फाकतो, तेवढी जागा बोगद्यात ठेवावी लागते. आणि हात घालायला डोंगराला मागून एक दार ठेवावं लागतं. मी दोन्ही ठेवलं नव्हतं. बोगद्याच्या एका तोंडातून माझी चार बोटं जात होती, दुसऱ्यातून नातवाचा हात कोपरापर्यंत, आणि गाडी नेमकी मध्ये.

त्या दिवशी मी डोंगरावर डोकं टेकून बसलो होतो. काका चहा ढवळत म्हणाले, "एवढं काय. खऱ्या घाटाचंही हेच झालं होतं. सॉलोमन ट्रेडवेल म्हणून कंत्राटदार होता. 1859 साली विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून गेला. 25 बोगद्यांचं काम तसंच पडलेलं."

"मग?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

"मग काय, त्याच्या बायकोनं कंत्राट हातात घेतलं. अ‍ॅलिस ट्रेडवेल. दोन इंजिनिअर नेमले आणि 1863 ला घाट सुरू."

भांड्यांचा आवाज थांबला. ही पदर खोचून बाहेर आली, डोंगराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी अजून जिवंत आहे हे मी लक्षात आणून द्यायचा प्रयत्न केला, पण तोवर भाजीच्या सुरीनं डोंगराला मागून भोक पडलं होतं आणि डेक्कन क्वीन बाहेर आली होती.

त्यानंतरची कामं भराभर झाली. दोन इंजिनिअर तिनंही नेमले, काका आणि नातू. प्लास्टरवर आधी कोळशाच्या पुडीचं पाणी, ते वाळायच्या आत गेरूचा पातळ हात. काळ्या कातळावरून तांबडी माती ओघळल्यासारखी दिसायला लागली. मग पन्नास वर्षं दारात रांगोळी काढलेल्या तिच्या चिमटीतून हिरवी रांगोळी सुटली, कुठं दाट, कुठं नुसती वाऱ्यानं उडाल्यासारखी. उरलेली तिनं चाळून पसरली. चहाच्या गाळणीनं. मी गाळणीकडे पाहिलं, ती म्हणाली, "नवीन आणा."

वसुबारसेला उद्घाटन झालं. नातवानं कड्यावर मध्यरात्रीच शिवाजी महाराज बसवून ठेवले होते, तीन इंची. प्रमाणात काढायचे तर महाराज बावीस फुटी होतात, पण काकांनीही तिथं कॅलिपर काढला नाही.

गाडी निघाली, कर्जत सोडलं, चढाला लागली आणि तिथंच चाकं फिरवत उभी राहिली. चढ मी हट्टानं खऱ्यासारखाच 37 ला 1 ठेवलाय, म्हणजे मीटरला 2.7 सेंटिमीटर. चार डबे घेऊन तिला तो झेपत नाही. खऱ्या गाडीलाही झेपत नाही, म्हणून तर कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. त्यांना रेल्वेत बँकर म्हणतात.

गाडीचा वेग कमीजास्त करायच्या रेग्युलेटरवर बसलेली ही मान न वळवता म्हणाली, "अहो, चौतीस वर्षं बँकेत होतात ना? लावा बोट."

मी मागच्या डब्याला बोट लावलं. गाडी सुटली, बोगद्यात शिरली, पलीकडून बाहेर आली, टाळ्या झाल्या. तीन डबे होते. चौथा फेविकॉलनं माझ्या बोटाला चिकटला होता.