मागच्या सीटचे बेल्ट गेले कुठं?

बंडूभाऊच्या मोबाईलवर चलान आलं आणि काल संध्याकाळी स्टँडवरच्या पानठेल्यावर जे सुरू झालं ते रात्रीपर्यंत चाललं. किस्सा आता सगळ्या गावाला माहीत आहे, नागपूरला जाताना बाजूच्या सीटवर बसलेला साळा बिनाबेल्टचा कॅमेऱ्यात सापडला.

"साळ्याच्या पोटासाठी पैसे म्या भरू काय? त्याले बेल्टच पुरत नाई," बंडूभाऊ. आवाज असा की समोरच्या कृषी केंद्रातले दोघं उठून आले. "काळीपिवळीत चौदा जन कोंबते, दोन मागं लटकते, त्याले कोनी इचारत नाई. न मी माह्या गाडीत माह्या मानसाईले घेऊन चाललो तं कॅमेरा!"

काळीपिवळीचं बोलणं खरं आहे, सगळ्यांनी मान डोलावली. पण सुधाकरनं सोडलं नाही. त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे रोडवर, ठोकलेल्या गाड्या त्याच्याच दारात येतात. तो म्हणे, "काळीपिवळीवाल्याले बेल्ट भेटतच नाई बाप्पा, तुले कंपनीनं सातही सीटले देल्ले. तू ते दाबून ठेवले."

"एअरबॅग हाय ना बे."

"एअरबॅग बेल्टाच्या जोडीनं काम करते. तू बिनाबेल्टचा पुढं फेकल्या गेला न तेवढ्यात फुगा फुटला तं तोच तोंडावर बसते. न मागं कोनता एअरबॅग हाय तुह्या गाडीत?"

बंडूभाऊनं खर्रा तोंडात टाकला. उत्तर नसलं की तो खर्रा खातो, हे आम्ही शाळेपासून पाहतो आहे. मग समृद्धीची बस काढली, सिंदखेडराजाजवळची, 2023 ची, 25 जण गेले ती. गाडी पेटली तर बेल्टात अडकून जळून मरायचं काय, हा त्याचा हुकमी पत्ता, लग्नातही हेच सांगतो, मयतीतही हेच.

"पेटलेल्या गाडीतून निघाले मानूस शुद्धीवर पायजे ना," सुधाकर. "डोकं फुटल्यावर दार कोन उघडन?"

इथं सगळे थोडे थंड झाले. मग सुधाकरनं काचेचं सांगितलं, ते मी इथं लिहितोच. दगड लागला तर समोरच्या काचेला बाहेरून चट्टा पडतो. आतून डोकं आपटलं तर काच बाहेरच्या बाजूला फुगते, गोल जाळं पडतं, आणि त्या जाळ्यात केस अडकून राहतात. "लांब केस बी रायते. ब्लेडनं काढा लागते. न पुढची सीट मागून वाकलेली असते, कारन मागचा मानूस सारं वजन घेऊन पुढच्याच्या पाठीत घुसते. पुढच्यानं बेल्ट लावला तरी काय उपेग मंग?"

प्रफुल एमपीएससीचा अभ्यास करतो, त्याच्याजवळ आकडे तयार. 2022 मध्ये देशात बेल्ट न लावलेले 16,715 लोक मेले, त्यातले 8,331 गाडी चालवतच नव्हते, नुसते बसले होते. उद्योगपती सायरस मिस्त्रीचा अपघात त्याच वर्षीचा, पालघरजवळ, गाडी मर्सिडीज, समोरचे दोघं वाचले आणि मागचे दोघं गेले, मागच्यांनी बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनीच सांगितलं. गुरुजी हळूच म्हणाले, "आपले गोपीनाथ मुंडे साहेब बी अपघातात गेले तवा मागच्याच सीटवर होते, 2014 ले, दिल्लीत."

मला जे खुपतं ते हेच. आपल्याकडे मागं कोण बसतं? बाई बसते, म्हातारी बसते, लेकरू बसतं मांडीवर. गाडी एकदम थांबली की मांडीवरचं लेकरू कोणत्याही मायच्या हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. 2019 च्या कायद्यात चौदा वर्षांखालच्या पोराला बेल्ट किंवा लहान मुलांची सीट नसली तर हजार रुपये दंड लिहिलेला आहे आणि मागं बसणाऱ्यांनाही बेल्टाचा नियम आहेच, पण आपण टोलनाका दिसला की फक्त समोरचा बेल्ट ओढतो आणि नाका गेला की सोडतो. आधी तर बाजूच्यानं बेल्ट लावला की गाडीवाला बुरा मानायचा, "माह्यावर भरोसा नाई काय?" आता जरा बदललं आहे. प्रफुलची बहीण मागचे बेल्ट लागल्याशिवाय गाडी हलूच देत नाही, तिच्या सासऱ्यालाही नाही, आणि त्या पोरीचा मला फार अभिमान वाटतो.

"तुह्या गाडीत बेल्टाची टुंगटुंग काहून वाजत नाई बे?" सुधाकरनं मध्येच विचारलं.

बंडूभाऊ हसला. खटक्यात अडकवायचा तो नुसता लोखंडी तुकडा, बेल्ट न लावता आवाज बंद. प्रफुल म्हणे, केंद्रीय ग्राहक प्राधिकरणानं 2023 मध्येच ऑनलाइन कंपन्यांना हे विकू नका म्हणून आदेश दिला.

"मंग म्या कोठी ऑनलाइन घेतला? म्या नागपुरातून घेतला!"

गाडी समोरच उभी होती, सगळे उठून पाहायला गेले. मोबाईलचा टॉर्च लावला. मागच्या सीटवर मरून रंगाचं जाड सीटकव्हर, आणि बेल्टाचे खटके साऱ्याच्या खाली, वरून हात फिरवला की नुसते गाठीसारखे लागतात. कव्हरवाल्यानं तिथं भोकच ठेवलं नव्हतं. एकाही सीटला नाही. याच गाडीत बंडूभाऊची नात रोज शाळेत जाते.

"ब्लेड आन रे," सुधाकर.

"खबरदार! नऊ हजाराचे कव्हर हायेत."

"फुकटात कापून देतो, शिवून बी देतो."

"तुह्या फुकटाचं पायलं म्या. गाडी पांढरी न बंपर दुधाच्या सायीवानी पिवळा करून देल्ला, माह्या व्याह्यानं इचारलं, दोन गाड्या जोडल्या काय म्हनून!"

"तुनं पैसे अर्धे देल्ले, मंग रंग बी अर्धाच लागन ना!"

गुरुजींना हसता हसता ठसका लागला. प्रफुल मध्ये पडला, म्हणे भाऊ नातीच्या सीटचं तरी कापू द्या. बंडूभाऊ म्हणे, आधी बंपर, मंग सीट. सुधाकर म्हणे, आधी बाकी, मंग बंपर. तेवढ्यात ठेलेवाल्यानं गल्ल्याखालून उधारीची वही काढली, बाकीचंच चाललं हाय तं माही बी पाहून घ्या म्हणे, आणि दोघंही एकदम आपापल्या गाडीकडे पळाले.