तक्रार वही

सहकारी सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणून आमच्या पार्ल्याच्या सोसायटीत ती नेमाने अगदी शेवटच्या रविवारी होते आणि बटाटेवडे गार व्हायच्या आत सेक्रेटरी ठरवावा लागतो. सगळ्यात सावकाश खाणारा माणूस मी होतो. तोंडात वडा असताना नाही म्हणता येत नाही.

तेव्हापासून लिफ्टशेजारी खिळ्याला टांगलेली तक्रार वही माझी झाली. तिला सुतळीने बांधलेलं पेन आहे, त्यातली रिफिल कोणीतरी काढून नेली आहे. ही तक्रारही वहीत आहे, पेन्सिलीने लिहिलेली.

निम्मी वही पाण्याने भरली आहे. सकाळी सहाला पंप लावला तर ‘इतक्या पहाटे कोण उठतं?’ सातला लावला तर ‘आम्ही काय पारोसे ऑफिसला जायचं?’ चौथ्या मजल्यावर धार बारीक येते, तळमजल्यावर ओव्हरफ्लोच्या आवाजाने झोप लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका तर पावसाळ्यात रोज पेपरातली सात तलावांची पातळी मोठ्याने वाचून दाखवतात. तलाव रिकामे असले की कपातीची काळजी. परवा भातसा, तानसा, मोडकसागर सगळं काठोकाठ होतं, तेव्हा म्हटलं आता तरी काका हसतील.

“भरलंय हो,” काका चष्मा पुसत म्हणाले, “पण आता गढूळ येणार बघा.”

डॅनिएल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं होतं की शंभर रुपये मिळाल्याचा आनंद शंभर रुपये हरवल्याच्या दुःखापुढे तोकडा पडतो. त्यांनी आमची वही वाचली असती तर एवढा खटाटोप करावा लागला नसता. ‘आज पंप व्यवस्थित चालला’ असं तिच्यात एकदाही आलेलं नाही. मुंबईकराला सुख झालं की तो गप्प बसतो, किंवा त्या सुखाला शिवण कुठे उसवली आहे ते शोधतो. २५ डिसेंबर २०१७ला पश्चिम रेल्वेवर एसी लोकल धावली. त्याआधी आयुष्यभर घामाबद्दल बोलणारी माणसं आता डब्यात गारठ्याबद्दल बोलतात.

तरीही माझा बरेच दिवस समज होता की तक्रार सोडवली की माणूस खूश होतो. तो दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी घालवला. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल होती. येणाऱ्या प्रत्येकाला आधी ती ओल दाखवायची, मग चहा. पावसात ती कशी वाढते, आजीबाईच्या चेहऱ्यासारखी कशी दिसते, वरचे लोक कसे दादच देत नाहीत, सगळं साग्रसंगीत. वरच्यांशी त्यांचं जे काही बोलणं होतं, तेही या ओलीपुरतंच. मी हट्टाने वॉटरप्रूफिंग करून घेतलं, वर रंग काढून दिला. वहिनी दोन-तीन आठवडे कुणाशी फारशा बोलल्याच नाहीत. चहाला गेलो तर निमूटपणे चहा दिला. मला तर अपराध्यासारखं झालं. मग एका सकाळी जिन्यात त्यांनी मला गाठलं. चेहरा उजळलेला.

“भाऊ, तुम्ही रंग दिला ना, त्याचा शेड बाकीच्या छताशी जुळत नाही हो!”

आणि वर जाऊन वरच्या मजल्यावरच्या वहिनींनाही तो शेड बघायला बोलावून आणलं.

खरं तर ‘काय गर्दी आहे!’ यापलीकडे अनोळखी माणसाशी बोलायला आपल्याकडे आहे तरी काय? बायकोचं नाव, पगार, आजार हे लगेच विचारता येत नाही. गर्दी, उकाडा, खड्डे यांवर मात्र अंधेरी ते दादर छान गप्पा होतात. उतरताना तर एकमेकांची बॅगसुद्धा धरली जाते.

न कुरकुरणाऱ्या माणसाचं मात्र कठीण आहे. तळमजल्यावर नवे भाडेकरू आले आहेत. पाणी गेलं, लिफ्ट बंद पडली, कबुतरांनी वाळत घातलेल्या कपड्यांची वाट लावली, तरी गृहस्थ हसून “चालायचंच” म्हणतात. पहिले काही दिवस लोकांनी कौतुक केलं. मग जिन्यात कुजबुज सुरू झाली. गेल्या आठवड्यात वहीत नवी नोंद आली, अक्षर काकांचं: ‘तळमजल्यावरील भाडेकरूंची आजवर एकही तक्रार नाही. तरी सेक्रेटरींनी लक्ष घालून योग्य ती चौकशी करावी.’

खाली मी शेरा मारला आहे: ‘चौकशी चालू आहे.’ पेन्सिलीनेच.